‘पिच्चरनी लिंक शे का?’

शुक्रवारी नवा सिनेमा लागतो आणि संध्याकाळपर्यंत चोपड्यापासून साक्रीपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच विचारणा सुरू होते, ‘पिच्चरनी लिंक शे का?’ विचारणारा कापसाच्या वेचणीवरून घरी आलेला असतो, नाहीतर जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या किंवा चटईच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून. चालू थिएटर त्याच्या गावापासून तीस-चाळीस किलोमीटरवर. रात्रीचा शो सुटायच्या आत शेवटची एसटी निघून गेलेली. पायरसी हा शब्द आपल्याला उद्देशून आहे असं त्याला स्वप्नातही वाटत नाही, आणि ग्रुपवर लिंक टाकणारा पोरगा तर गावात उपकारकर्ता समजला जातो.

या विषयावर दोन बाजू ठरलेल्या आहेत. चोरी ती चोरी, ही एक. कोट्यवधी कमावणाऱ्यांचं थोडं गेलं तर बिघडलं कुठं, ही दुसरी. आम्हाला दोन्ही अपुऱ्या वाटतात. पायरसीचे कडक कायदे ज्यांच्या रेट्यामुळे झाले, त्या मोठ्या निर्मात्यांना तिचा मार सोसण्याची ताकद आहे. तो मार खरा झोंबतो अहिराणी गाणी आणि छोटे सिनेमे करणाऱ्या आपल्याच माणसाला. कायदा त्याच्याही बाजूने आहे, पण तो वापरायला लागणारा कागद त्याच्याकडे नसतो. खान्देशात या प्रश्नाची चर्चा त्याच्यापासून सुरू व्हायला हवी.

आधी आकडे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये पायरसीमुळे चित्रपटसृष्टीचं वर्षाला २०,००० कोटी रुपयांपर्यंत नुकसान होतं असं सांगितलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अर्न्स्ट अँड यंग आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशनचा अहवाल आला. त्यात २०२३ सालची पायरसीची उलाढाल २२,४०० कोटी धरली आहे, त्यातले १३,७०० कोटी थिएटरच्या सिनेमांचे आणि ८,७०० कोटी ओटीटीचे. ५१ टक्के प्रेक्षक काही ना काही चोरीच्या मार्गाने पाहतात, असंही त्यात आहे. भाषणात टाकायला हे आकडे छान आहेत. पण फुकट पाहिलेला प्रत्येक सिनेमा म्हणजे एक बुडालेलं तिकीट, असा हिशेब कुणी मांडला तर तो मानू नये.

साधं उदाहरण घेऊ. समजा तालुक्याच्या गावात हजार जणांनी एक मराठी सिनेमा टेलिग्रामवर पाहिला. त्यातल्या नऊशे जणांनी तिकीट काढून तो कधीच पाहिला नसता. राहिले शंभर. तिकीट १०० रुपयांचं. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे कर जाऊन साधारण ९५ रुपये उरतात. मल्टिप्लेक्सवाल्यांचा आणि निर्मात्यांचा २००९ साली समझोता झाला, तेव्हापासून पहिल्या आठवड्यात वितरकाकडे निम्मा वाटा जातो. दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. हाच दर धरला तर निर्मात्याच्या बाजूला तिकिटामागे ४७ रुपये येतात. शंभर तिकिटांचे झाले पावणेपाच हजार.

पावणेपाच हजारांनी कुणी बुडत नाही. घोटाळा पुढे आहे. थिएटरवाला सोमवारचे शो ठरवताना शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या एवढंच बघतो. मोठ्या हिंदी सिनेमाचे दिवसाला पाच-सहा शो असतात, त्यात शंभर माणसं कमी आली तरी फरक पडत नाही. मराठी सिनेमाच्या वाट्याला जळगाव-धुळ्यात कित्येकदा एकच शो येतो, तोही दुपारचा, लोक कामावर असताना. त्या शोला तीन दिवसांत शंभर माणसं कमी आली की सोमवारी त्या जागी दाक्षिणात्य सिनेमाचं हिंदी डबिंग लागतं. मग मंगळवारी कुणी म्हणतो, ‘मराठी पिच्चर आपल्याकडे येतच नाही भो.’ आला होता. तीन दिवस होता. म्हणून कोटींच्या आकड्यांपेक्षा आम्हाला या शंभर खुर्च्यांची काळजी जास्त वाटते.

चोरीची प्रत कुठून निघते, याबद्दल गैरसमज फार. थिएटरात मोबाइल धरून काढलेली ती ‘कॅम प्रिंट’. चित्र किंचित वाकडं असतं, मध्येच कुणी उठला की डोक्याची सावली पडद्यावर फिरते, आणि हिरोच्या एन्ट्रीला शिट्ट्या ऐकू येतात. ती शुक्रवारीच फिरू लागते. स्वच्छ प्रत पुढे ओटीटीवर सिनेमा आला की काही तासांत निघते, कारण तिथून उतरवलेल्या फाइलला थिएटर लागतच नाही. तिसरी वाट सगळ्यात लाजिरवाणी, ती म्हणजे आतल्या माणसाची. जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर आला, आणि त्या प्रतीवर सेन्सॉरसाठीच्या प्रतीची खूण होती. त्यानंतर महिन्याभरात ‘ग्रेट ग्रँड मस्ती’ फुटला आणि निर्मात्यांना २२ जुलैची तारीख १५ जुलैवर आणावी लागली. या दोन्ही प्रती कुठल्या खेड्यातल्या पोराने काढलेल्या नव्हत्या.

कॅम प्रिंट काढणाऱ्याला वाटतं, अंधारात कोण बघतंय. त्याला माहीत नसतं की पडद्यावरचं चित्रच साक्षीदार आहे. थिएटरात सिनेमा येतो तो कुलूपबंद फाइल म्हणून. तिला डीसीपी म्हणतात आणि ती शे-दोनशे जीबीची असते. ती उघडणारी किल्ली वेगळी पाठवली जाते आणि ठरलेल्या सर्व्हरवर, ठरलेल्या तारखांपुरतीच चालते. सिनेमा चालू असताना तो सर्व्हर चित्रात आणि आवाजात डोळ्याला न दिसणारी, कानाला न कळणारी खूण मिसळत जातो. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी ठरवलेल्या डीसीआय प्रमाणात ही खूण ३५ बिटांची असते, १६ बिट वेळेसाठी आणि १९ बिट सर्व्हरच्या ओळखीसाठी. वेळ पंधरा मिनिटांच्या टप्प्याने नोंदली जाते, आणि दर पाच मिनिटांच्या तुकड्यात पूर्ण खूण बसवलेली असते. म्हणजे चोरलेल्या फाइलमधला अर्ध्या तासाचा तुकडा मिळाला तरी कुठला पडदा, कुठली तारीख, कुठला पाव तास, हे काढता येतं.

मग पकडले का जात नाहीत? खूण वाचणं प्रयोगशाळेचं काम आहे, त्याला दिवस जातात. तोवर थिएटरच्या सीसीटीव्हीची हार्ड डिस्क भरते आणि जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. ऑनलाइन बुकिंग असेल तर सीटवरून मोबाइल नंबर निघतो. पण खिडकीवर रोखीने काढलेल्या तिकिटाला नाव नसतं. त्यामुळे पडदा सापडतो आणि माणूस निसटतो. सगळा राग मग थिएटरवाल्यावर निघतो, ज्याच्या चार खुर्च्या आधीच तुटलेल्या असतात.

फाइल एकदा बाहेर पडली की पुढचं काम पैशासाठी होतं, हौसेसाठी नाही. फुकटच्या प्रिंटच्या कोपऱ्यात बेटिंगच्या ॲपचं नाव बारीक तरंगत असतं, मध्येच दहा सेकंदांची जाहिरात येते, तीही जुगाराचीच. सिनेमा हे आमिष, गिऱ्हाईक दुसरीकडे वळवायचं. दुसरी कमाई ‘हे ॲप टाका, सगळे पिच्चर फुकट’ अशा एपीके फाइलची. प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेलं असं ॲप एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचायची, परवानगी मागतं. सिनेमा दाखवायला एसएमएस वाचायची गरज काय, हे विचारायला कुणी थांबत नाही. परवानगी दिली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी त्याला दिसतो. खात्यातून पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात. लोक मात्र दुसऱ्या दिवशी बँक उघडायची वाट बघतात.

आता कायदा. यात अर्धवट माहितीचा सुकाळ आहे, म्हणून जरा नेमकं सांगायला हवं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला किंवा त्याला मदत करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. व्यवसायातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर कारण नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. फौजदाराच्या, म्हणजे उपनिरीक्षकाच्या, दर्जाचा अधिकारी कलम ६४ खाली वॉरंटशिवाय प्रती जप्त करू शकतो.

२०२३ ची चित्रपट कायद्याची दुरुस्ती याहून कडक आहे. थिएटरात नक्कल काढण्याच्या हेतूने रेकॉर्डिंग करणं, आणि चोरीची प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवणं, दोन्हीला किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. दंड किमान ३ लाख रुपये, आणि वर तो सिनेमाच्या लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. १०० कोटींच्या सिनेमाला ५ कोटी. आणि कलमात ‘सिनेमा किंवा त्याचा भाग’ असे शब्द आहेत. हिरोच्या एन्ट्रीचे वीस सेकंद शूट करून स्टेटसला ठेवणाऱ्यांनी ते वाचलेले नसतात. हेतू सिद्ध करावा लागेल हे खरं, पण कोर्टाच्या पायरीवर उभं राहून तो वाद घालण्यापेक्षा मोबाइल खिशात ठेवलेला बरा.

आणि घरात बसून नुसतं पाहणाऱ्याचं काय? २०१६ साली बंद केलेल्या साइटवर ‘पाहिलंत तर तीन वर्षं कैद’ अशा अर्थाचा इशारा झळकू लागला आणि एकच घबराट उडाली. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी तो मजकूर दुरुस्त करायला लावला. चोरीची प्रत नुसती पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मात्र टॉरंटवाल्यांनी यात दिलासा शोधू नये. टॉरंटमध्ये फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे आपल्या मोबाइलमधून दुसऱ्यांना जात असतात. आपण पाहणारे राहत नाही, वाटणारे होतो. ग्रुपवर लिंक टाकणाऱ्याचं ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हेही कितपत टिकेल, शंकाच आहे.

साइट बंद करण्याचे आदेश हा वेगळाच खेळ. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये असा आदेश दिला की बंद साइट नाव बदलून आली तर नव्याने दावा न लावता ती यादीत घालता येते. ऑगस्ट २०२३ मध्ये पुढे जाऊन, अजून न झालेल्या कलाकृतींनाही आधीच संरक्षण दिलं. अज्ञात चोरांविरुद्धच्या अशा दाव्यात प्रतिवादीचं नाव इंग्लंड-अमेरिकेत ‘जॉन डो’ लिहितात, आपल्याकडे ‘अशोक कुमार’. याच नावाचे नट, आपले दादामुनी, वाढले खांडव्याला, भुसावळहून गाडीत बसलं तर बऱ्हाणपूरच्या पुढे. तर अशोक कुमारवर आदेश निघतो, साइट बंद होते, आणि शेपटीला एक आकडा लावून संध्याकाळी परत उभी राहते. मोठ्या स्टुडिओचा वकील पुन्हा अर्ज करतो. ज्याच्याकडे वकील नाही त्याने काय करायचं?

महाराष्ट्राकडे आणखी एक हत्यार आहे, पोलिसांच्या भाषेत एमपीडीए. १९८१ च्या या स्थानबद्धता कायद्याच्या नावात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार होते, पुढे धोकादायक व्यक्ती आल्या. २००९ मध्ये ‘दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’, म्हणजे व्हिडिओ पायरेट, त्यात आल्या. पुढे वाळू तस्करही. खटला चालायच्या आधी बारा महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं. गिरणा-तापीची वाळू रात्रीत उपसणारा आणि रिचार्जच्या दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून देणारा एकाच यादीत बसवणं आम्हाला पटत नाही. नदी परत भरत नाही. तीन लाखांचा किमान दंडही तसाच. तीन एकर कोरडवाहू कापसाला वर्षाचं तेवढं उत्पन्न होत नाही. एवढी मोठी शिक्षा समोर असली की पोलीस समज देऊन सोडून देतात, आणि शिक्षा न देणारा कायदा कुणालाच धाक घालत नाही. किमान दंड कमी करावा आणि तो हमखास वसूल करावा, असं आमचं मत आहे.

धाक हवा तिथे मात्र तो अजिबात नाही. पुण्याला किंवा सुरतेला जाणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये ड्रायव्हरच्या मागच्या टीव्हीवर पेन ड्राइव्हमधला नवा सिनेमा लागतो. भाडं घेऊन लोकांना चोरीची प्रत दाखवणं हे २०२३ च्या कलमाचं अगदी पुस्तकी उदाहरण आहे. तिथे हेतूचा वाद नाही, सीसीटीव्ही लागत नाही. गाडीचा नंबर आणि चाळीस साक्षीदार हजर असतात. तरी आरटीओच्या तपासणीत टायर बघतात, परमिट बघतात, पेन ड्राइव्हकडे कुणी बघत नाही.

गणेश मंडळांचं थोडं निराळं. लग्नाच्या वरातीत, हळदीत डीजेवर गाणी वाजवणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने मोकळं ठेवलं आहे. धार्मिक विधी आणि लग्नाशी जोडलेले समारंभ त्यात येतात. त्याच्या आधारावर मंडळवाले धरून चालतात की आरती झाल्यावर पडदा बांधून सिनेमा दाखवणंही त्यातच आलं. ती सूट वाङ्मय, नाटक, संगीत आणि ध्वनिमुद्रणाला आहे. सिनेमा त्या यादीत नाही, तिथे हक्कदाराची परवानगी लागते. ज्यांना परवानगीची यातायात नको त्यांच्यासाठी एक सरळ वाट आहे. सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६४ पर्यंत प्रदर्शित झालेले सिनेमे १ जानेवारी २०२५ पासून मोकळे आहेत. फक्त त्यातली गाणी सुटी काढून वाजवायची असतील तर गीतकार-संगीतकाराचे हक्क वेगळे मोजावे लागतात, त्यांची मुदत मृत्यूनंतर ६० वर्षं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितो आहोत त्या माणसाकडे येऊ. खान्देशाने सिनेमा शिकला तो चोरीच्या प्रतींवरूनच, हे लपवण्यात अर्थ नाही. व्हिडिओ पार्लर, केबलवाल्याने रात्री लावलेला नवा पिच्चर, पंचवीस-तीस रुपयांची व्हीसीडी. मालेगाव नकाशात नाशिक जिल्ह्याचं, पण खान्देशाच्या वेशीवरचं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली गावातलीच माणसं घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला, आणि त्यातून एक अख्खी गल्लीतली चित्रसृष्टी उभी राहिली. ती विडंबनावर, म्हणजे दुसऱ्याच्या सिनेमावर, जगली. आणि तिचा धंदा होता सीडीवर. एक सीडी विकत घ्यायची आणि रायटरवर शंभर काढायच्या, हे ज्या काळात कुणालाही जमत होतं त्या काळात. दुसऱ्याचं उचलून मोठे झालो म्हणून आपलं उचललं तर तक्रार करू नये, असं कुणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. विडंबनात माणूस स्वतःचं काहीतरी घालतो. नक्कल काढणारा फक्त बटण दाबतो.

आज तोच प्रकार अहिराणी गाण्यांचा आहे. श्रावणात कानबाईचं नवं गाणं येतं, लग्नसराईत हळदीचं. कॅमेरा भाड्याचा, नाचणारी मंडळी ओळखीपाळखीची, शूटिंग लळिंगच्या किल्ल्यावर नाहीतर मनुदेवीच्या धबधब्याला. गाणं यूट्यूबवर चढतं आणि चार दिवसांत त्याच्या वीस नकला दिसू लागतात. चित्र आरशासारखं उलटं केलेलं, भोवती फुलांची चौकट, आवाजाची पट्टी किंचित वर सरकवलेली, आणि दर अर्ध्या मिनिटाला डीजेच्या नावाचा पुकारा. यातली प्रत्येक गोष्ट यूट्यूबच्या यंत्राला फसवण्यासाठी आहे. यूट्यूबकडून जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिलं जाण्याची अट असते. नव्या माणसाचे ते तास या वीस नकलांत वाटले जातात आणि अट पुरी होतच नाही. मोठ्या कंपन्यांना मिळणारी कंटेंट आयडीची, म्हणजे नकला आपोआप ओळखण्याची, सोय एका चॅनलच्या मालकाला सहसा मिळत नाही. त्याला एकेक लिंक शोधून फॉर्म भरावा लागतो.

उलटा मारही बसतो. पारंपरिक चालीवर कुणी आधी दावा नोंदवलेला असला की आजीकडून ऐकून गायलेल्या कानबाईच्या ओवीवर ‘कॉपीराइट क्लेम’ येतो. घाबरून व्हिडिओ काढून टाकू नये. लोकपरंपरेतली चाल आणि शब्द कुणाच्या मालकीचे नसतात. मालकी असते ती त्या त्या ध्वनिमुद्रणाची. वाद नोंदवला की दावेदाराला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याने नकार दिला तर अपील करता येतं, आणि अपिलाला त्याच्याकडे सात दिवस असतात. उत्तर आलं नाही तर दावा गळून पडतो.

खरी अडचण कागदाची आहे. गाणं करताना गायकाला दोन हजार, नाचणारीला पाचशे आणि भेळ, असा व्यवहार तोंडी होतो. कायद्याने सिनेमाचा आणि ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता. पण गीत आणि चाल दुसऱ्याची असेल तर हक्क लेखी, सहीनिशीच हस्तांतरित होतात. त्यात कुठली कृती, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती हे लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेले हक्क वर्षभर वापरलेच नाहीत तर तेही संपतात, करारात वेगळं म्हटलेलं नसेल तर. उद्या यूट्यूबने किंवा पोलिसांनी ‘मालकी दाखवा’ म्हटलं की हाच कागद लागतो. भांडण होतं तेव्हा गीतकार नाशिकला गेलेला असतो आणि गायकाचा नंबर बदललेला असतो.

नोंदणी सक्तीची नाही, पण भांडणात कामाला येते. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज होतो. गीतासाठी किंवा चालीसाठी फी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,०००, सिनेमासाठी ५,०००. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. शॉर्ट फिल्मवाल्याने निदान पटकथेची नोंदणी करून ठेवावी, ती पाचशेत होते.

चोरी सापडल्यावर बहुतेक जण स्क्रीनशॉट काढतात आणि तिथेच चुकतात. स्क्रीनशॉटमध्ये चॅनलचं नाव दिसतं, लिंकचा पूर्ण पत्ता दिसत नाही. तक्रार लिहून होईपर्यंत चॅनलचं नावही बदललेलं असतं. आधी पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ लिहून घ्यायची. मग स्क्रीन रेकॉर्डिंग करायचं आणि मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची. ती व्हॉट्सॲपवर पाठवली की दाबली जाते आणि तिची मूळ ओळख जाते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, भाग अ पुरावा देणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलवरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहावी लागते. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश बदलते. प्रमाणपत्र नाही म्हणून चांगल्या केसची माती होते, आणि हे पोलीस ठाण्यात सुरुवातीला सहसा कुणी सांगत नाही.

कोर्टाआधीही दोन वाटा आहेत. हक्कदाराची लेखी तक्रार आली की यूट्यूबसारख्या मध्यस्थ कंपनीने ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा असतो. पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश दाखवला नाही तर ती तो पुन्हा खुला करू शकते. सिनेमा असेल तर नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राने सेन्सॉर बोर्डासह आपल्या कार्यालयांत तक्रारी घेणारे बारा नोडल अधिकारी नेमले आहेत. त्यांच्याकडे तक्रार केली की ४८ तासांत कारवाईची अपेक्षा असते. यासाठी मुंबईला जावं लागत नाही. दावाच लावायचा झाला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ ची एक चांगली सोय आहे. हक्कदार स्वतः जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, चोर सुरतेचा असो की पाटण्याचा. धुळ्याच्या, जळगावच्या, नंदुरबारच्या वकिलांनी या कलमाचा जेवढा उपयोग करायला हवा तेवढा केलेला दिसत नाही. ज्याचं नुकसान झालं तो फी देऊ शकत नाही, हे त्याचं कारण असावं. दहा-बारा चॅनलवाल्यांनी मिळून एक वकील धरला तर खर्च झेपेल.

आणि बघणाऱ्याची सोय? तालुक्याच्या एकपडदा थिएटरांची मंगल कार्यालयं झाली, ती थिएटरं परत येणार नाहीत. पण शंभर खुर्च्यांचा छोटा पडदा बाजार समितीच्या किंवा नगरपालिकेच्या रिकाम्या सभागृहात चालू शकतो. त्याला परवाना देताना हजार खुर्च्यांच्या थिएटरचे नियम लावायची गरज नाही. संध्याकाळी साडेसहाला सुरू होऊन नऊला सुटणारा, शेवटची एसटी गाठून देणारा शो ठेवला तर लिंक मागणाऱ्यांतले काही जण नक्की येतील. सगळे येणार नाहीत, हेही खरं.

यात गणेश मंडळं लगेच हात देऊ शकतात. दहा रात्रींपैकी एक रात्र अहिराणी लघुपटांची ठेवायची, करणाऱ्याकडून लेखी परवानगी आणि फाइल घ्यायची, आणि पाचशे रुपये द्यायचे. जिल्ह्यातल्या शंभर मंडळांनी तेवढं केलं तर पन्नास हजार होतात, आणि तेवढ्यात पुढच्या फिल्मचा कॅमेऱ्याचा आणि एडिटिंगचा खर्च निघतो. डीजेला त्याच्या कितीतरी पट जातात, तेव्हा पैशाचं कारण सांगू नये. फक्त ते पाचशे मंडळाच्या जमाखर्चात ‘डेकोरेशन व इतर’ या सदरात घालू नयेत. वेगळी ओळ करून ‘सिनेमा’ असं लिहावं, आणि पावतीवर करणाऱ्याचं नाव.